पहाटे पाचला आई कुठे निघाली होती?

प्रश्न असा आला आहे: "आई ८१ वर्षांची आहे, दीड वर्षापासून सोलापुरातल्या एका वृद्धाश्रमात राहते. मी पुण्यात असतो. गेल्या सहा आठवड्यांत ती दोनदा पडली. हाड मोडलं नाही, पण दुसऱ्या वेळी कपाळाला टाके पडले. व्यवस्थापक म्हणतात, रात्री हात कॉटला बांधू द्या किंवा डायपर लावू द्या, दोन्ही नको असेल तर घरी न्या. मी स्वखर्चानं बाथरूमला खरबरीत फरशी बसवून द्यायला तयार आहे. काय करू?"

फरशीचे पैसे सध्या खिशातच राहू द्या. पुढेमागे बसवा, वाया जाणार नाहीत. पण आई फरशीमुळे पडली हे अजून ठरलेलं नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सोलापुरात बावीस वर्षं काम करते, त्यातली बरीचशी वृद्धाश्रमांच्या फेऱ्यांत गेली. कुणी पडलं की फोनवर बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकू येतं, "पाय घसरला हो." कॉटशेजारी सापडलेल्या आजोबांचाही पाय घसरलेला असतो आणि व्हरांड्यात खुर्चीत बसताना आपटलेल्या आजींचाही. पडताना कुणी पाहिलेलं नसतं, पडलेल्या माणसाला नीट आठवत नसतं, आणि "घसरला" म्हटलं की कुणालाच बोल लागत नाही.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात संशोधकांनी वृद्धांच्या निवासांमध्ये कॅमेरे लावून १३० जणांचं मिळून २२७ वेळा पडणं टिपलं. २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. घसरून पडण्याचं प्रमाण निघालं अवघं ३ टक्के. पाय अडखळून २१ टक्के. आणि सगळ्यात जास्त, ४१ टक्के, अंगाचा भार इकडून तिकडे नेताना तोल गेल्यामुळे. म्हणजे उठताना, वळताना, बसताना, काहीतरी घ्यायला हात लांब करताना. आता ते कॅमेरे जेवणघर, बैठकीची खोली, व्हरांडा अशा कोरड्या जागी होते. आपल्याकडे न्हाणीघरात बादलीभर पाणी सांडलेलं असतं, तेव्हा आपला घसरण्याचा आकडा मोठा असणार हे मी धरूनच चालते. तरीही मला त्या चित्रफितींनी एक सवय लावली. कुणी पडलं की मी आता फरशीकडे नंतर बघते. आधी विचारते, हा माणूस कुठून कुठे निघाला होता?

ही सवय लागण्याआधी मी काय केलं तेही सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका आश्रमात देणगीदाराच्या मागे लागून सगळ्या संडास-बाथरूमांना स्टीलचे दांडे बसवून घेतले. नारळ फोडला, फोटो काढले. पडणं काही कमी झालं नाही. दोन महिन्यांनी गेले तर दांड्यांवर ओले टॉवेल वाळत होते. आपल्या गावात टॉवेलांना काय तोटा! मी दांडे भिंतीच्या सोयीनं बसवले होते, माणसं उठताना हात जिथे टाकतात तिथे नाही. कुणी पकडतच नव्हतं, मग मावशींनी त्यांचा उपयोग शोधला.

त्यानंतर एक दोनशे पानी वही घेतली. प्रत्येक पडण्याची एक ओळ: वेळ, जागा, कुठे निघाले होते, पायात काय होतं, आणि शेवटचं लघवीला कधी नेलं होतं. शेवटच्या रकान्यावरून वादावादी झाली, कारण तो भरायचा तर कुणीतरी नेलेलं असावं लागतं. तीन-चार महिने वही भरल्यावर ओळी आपोआप गटागटानं पडू लागल्या. एक गट पहाटेचा, साधारण पाच ते साडेसहा. रात्रपाळीच्या मावशी तेव्हा अंघोळीचं पाणी तापवण्यात नाहीतर चादरी गोळा करण्यात, आणि दिवसपाळी अजून रिक्षात. दुसरा रात्रीच्या जेवणानंतरचा. तिसरा गट खास सोलापूरचा होता, पाण्याच्या दिवसाचा. नळ चार-पाच दिवसांआड येणार, तो आला की सगळे हात बॅरल, पिंपं, घागरी भरायला धावतात. व्हरांड्यातून पाइप आडवे जातात, शहाबादीवर पाणी सांडतं, हाक मारली तरी ऐकणारं जवळ कुणी नसतं. त्या दिवशी पाइप भिंतीच्या कडेनं न्यायचा आणि एका माणसानं नळाकडे जायचंच नाही, फक्त वॉर्डात थांबायचं, एवढा नियम केला. सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या दिवसांत, अर्धा स्टाफ रजेवर जातो, तेव्हाही तोच नियम.

एक पहाट मात्र तपशिलात सांगायला हवी. एक आजी होत्या, मांडीवर सूप घेऊन आयुष्यभर विड्या वळलेल्या. महिन्यात तीनदा पडल्या, तिन्ही वेळा पहाटे, तिन्ही वेळा "घसरल्या". मी पावणेपाचला जाऊन कोपऱ्यात स्टुलावर बसले. पाच वाजायच्या सुमाराला त्यांना जाग आली. त्यांनी तेलुगूत हळूच दोनदा हाक मारली. मराठी त्यांना उत्तम यायचं, पण स्मृतिभ्रंश सुरू झाल्यापासून झोपेतून उठल्या की तोंडात माहेरची भाषा यायची. त्या लघवीला जायचं म्हणत होत्या. रात्रीच्या मावशी अक्कलकोटकडच्या, त्यांना कन्नड यायचं, तेलुगू नाही. म्हातारी बडबडतेय असं त्यांना वाटायचं. आजींनी चादर बाजूला केली. आपली सोलापुरी चादर, वजनदार, तिचं टोक जमिनीवर आलं आणि दोन्ही पाय बरोबर त्यावर टेकले. चष्मा खिडकीत होता, तो राहिला. कॉट उंच असल्यामुळे टाचा जमिनीला लागत नव्हत्या. दोनदा उठायचा प्रयत्न फसला. तिसऱ्यांदा त्यांनी शेजारच्या प्लॅस्टिकच्या स्टुलाचा आधार घेतला, ज्यावर पाण्याचा तांब्या होता. स्टूल सरकलं. मी धरलं म्हणून, नाहीतर वहीत चौथी ओळ आली असती.

फरशी ठणठणीत कोरडी होती.

दुसऱ्या दिवसापासून केलं ते असं: कॉटचे पाय उतरवून घेतले, बसल्यावर तळवे पूर्ण टेकतील इतके. चादर पायथ्याशी गादीखाली खोचली. चष्म्याची पिशवी उशीच्या बाजूला कॉटलाच बांधली. प्लॅस्टिकचं स्टूल हद्दपार, त्याजागी हात ठेवला तर न हलणारं लाकडी टेबल. पिवळा छोटा दिवा रात्रभर चालू. आणि मुख्य म्हणजे मावशींनी साडेचारला उठून सगळ्यात आधी या आजींकडे जायचं, त्यांची झोप मोडायच्या आत. तेलुगूचं ते एक वाक्यही मावशी शिकल्या. पुढे त्या अजिबात पडल्या नाहीत असं म्हणणार नाही. एकदा पडल्या, दिवाळीत, वेगळ्या कारणानं. पण पहाटेचं पडणं थांबलं.

तुमच्या आईचं हेच असेल असं नाही. पण दोन्ही वेळा ती कशासाठी उठली होती हे कळल्याशिवाय कुठलाच उपाय लागू पडायचा नाही. पडणाऱ्यांतली फार मोठी संख्या लघवीला निघालेल्यांची असते हे मी वहीवरून सांगते. म्हणून प्रत्येकाची वेळ ओळखून, त्याच्या आधी पंधरा-वीस मिनिटं स्वतःहून विचारायला जाणं, हा मला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त इलाज. "आजी, जायचंय का?" असं दारातून ओरडून विचारलं तर उत्तर "नको" येतं, लाजेपोटी. जवळ जाऊन हात पुढे करावा लागतो.

आता बांधण्याबद्दल. लेखी नकार द्या. हात बांधलेला माणूस सोडवून घ्यायला धडपडतो, हाता-पायातली ताकद काही आठवड्यांत उतरते, पाठीला जखमा होतात, आणि ज्या दिवशी बांधायचं राहून जातं त्या दिवशी तो आधीपेक्षा जोरात पडतो. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानं नर्सिंग होममधल्या वृद्धांना सोयीसाठी बांधून ठेवायला मनाई केली. बांधणं कमी झाल्यावर गंभीर दुखापती वाढतील ही भीती होती, ती खरी ठरली नाही. कॉटला पूर्ण लांबीचे कठडे लावणंही त्यातलंच. गोंधळलेला माणूस कठड्यावरून पाय टाकतो आणि दीड फुटाऐवजी तीन फुटांवरून खाली येतो. अर्धा कठडा, उठताना धरायला, हा वेगळा, तो चांगला.

डायपरला माझा सरसकट विरोध नाही. लघवी गळत असेल, लांबचा प्रवास असेल तर लावावा. पण चालत जाऊ शकणाऱ्या बाईला फक्त रात्री उठू नये म्हणून लावला, तर ओलं झालं की ती तो काढायलाच उठते. व्यवस्थापकांवर रागावू नका मात्र. रात्री पंचवीस-तीस जणांमागे दोन मावशी असतात, त्यांच्या जागी तुम्ही-मी असतो तर आपल्यालाही दोरी सुचली असती.

पुढची गोष्ट तुम्ही स्वतः करू शकता. जाताना डिजिटल बीपी मशीन घेऊन जा. आईला पाच मिनिटं आडवं निजवून बीपी घ्या. मग उभं करा, कुणीतरी शेजारी धरून उभं असू द्या, आणि पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर उभं राहिल्यावर मेंदूला रक्त कमी पडतंय. अशा माणसाला बसल्या जागी बीपी नॉर्मल असतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो तेव्हा हा प्रकार फार दिसतो. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, त्यात "सारखं उठावं लागतं" म्हणून ती मुद्दाम पाणी तोडतात. आषाढी एकादशीला उपास कडकडीत आणि बीपीची गोळी मात्र न चुकता, हे तर दरवर्षीचं. द्वादशीला सकाळी आम्ही जास्त चकरा मारतो.

औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे पूर्ण ओता. वेगवेगळ्या तीन डॉक्टरांनी तीन वर्षांत लिहिलेलं सगळं चालू असतं, बंद करायला कुणी सांगितलेलंच नसतं. मी आधी झोपेच्या गोळ्या शोधते, अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम वगैरे. मग लघवी जास्त करणारी गोळी संध्याकाळी दिली जातेय का ते बघते, कारण ती सकाळी दिली तर रात्रीच्या दोन फेऱ्या वाचतात. प्रोस्टेटच्या गोळीनं काही आजोबांचं बीपी उतरतं. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी पहाटे साखर खाली जाते. सर्दीची गुंगी आणणारी गोळी तर लोक औषध समजतच नाहीत. यातलं काहीही स्वतःच्या मनानं बंद करू नका, झोपेची गोळी तर नाहीच. ती हळूहळू कमी करावी लागते. आणि कधीही न पडणारी व्यक्ती अचानक दोनदा पडली तर लघवीचा संसर्ग, छाती, रक्त, साखर हे तपासून घ्या. ताप न येताही म्हातारपणी आजार असा पडून दिसतो.

आता माझा स्वतःचा विषय, व्यायाम. लोकांना वाटतं ८१ व्या वर्षी काय व्यायाम. ऑस्ट्रेलियात १६ निवासांमधल्या २२१ जणांवर 'सनबीम' नावाचा प्रयोग झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८६. वजनं टप्प्याटप्प्यानं वाढवत ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम, एकूण ५० तास. व्यायाम करणाऱ्या गटात पडण्याचं प्रमाण ५५ टक्क्यांनी कमी होतं. माझ्या ओळखीतल्या कुठल्याही गोळीनं हे साधत नाही. फक्त खुर्चीत बसून टाळ्या वाजवणं आणि हात वर-खाली करणं म्हणजे हा व्यायाम नव्हे. त्यानं करमणूक होते, तीही हवीच, पण मांडीला ताकद येत नाही. पायांवर भार घेऊन उभं राहावं लागतं.

आईला एकच शिकवायचं झालं तर खुर्चीतून उठणं शिकवा. बहुतेक म्हातारी माणसं पाठ ताठ ठेवून, हात पुढे ओढून उठू बघतात आणि मागे आदळतात. मी सांगते, "आजी, आधी खुर्चीच्या कडेला सरका. पाय मागे घ्या. आता चूल फुंकायला वाकायचो ना, तसं वाका, आणि उठा." चूल म्हटलं की पाठ बरोबर वाकते, दुसरं काही समजवावं लागत नाही. उठल्यावर लगेच चालायचं नाही, मनात दहा आकडे मोजायचे. बसताना खुर्चीची कड दोन्ही पोटऱ्यांना लागेपर्यंत मागे यायचं, मग हात टेकायचे. वळताना एका पायावर गिरकी नको, छोटी छोटी पावलं टाकत गोल फिरायचं. सुरुवातीला पाच वेळा सकाळी, पाच वेळा संध्याकाळी. खुर्ची हातांची आणि जड हवी, भिंतीला टेकलेली. ती पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची लग्नाच्या मांडवात ठीक आहे.

वॉकर असेल तर उंची बघा. हात सैल सोडल्यावर मनगटाची रेघ जिथे येते तिथे मूठ हवी. किती वॉकर मी असे पाहिलेत, कुणा गेलेल्या माणसाचा म्हणून चार इंच उंच, आणि खालचे रबरी बूट झिजून नळी उघडी पडलेली. तो बूट मेडिकलमध्ये थोडक्या पैशात मिळतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. साडी घोट्याच्या वर, धोतर असेल तर सोगा खोचलेला. चप्पल मागून पट्टा असलेली. अंगठा घालून ओढायची स्लिपर नको, रात्री नुसते मोजे तर मुळीच नकोत. मोतीबिंदू पिकायची वाट बघायचे दिवस गेले, डोळे दाखवा.

खाण्याचं थोडक्यात. ऑस्ट्रेलियातच ६० निवासांमध्ये, सुमारे सात हजार वृद्धांवर, दोन वर्षं एक साधा प्रयोग झाला. २०२१ मध्ये छापला. रोजच्या जेवणात दूध, दही, चीज वाढवलं, बस. खुब्याची हाडं मोडणं ४६ टक्क्यांनी कमी झालं आणि पडणंही ११ टक्क्यांनी. आपल्याकडे कवळी नसलेल्या माणसाच्या ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी येते, तो चटणी चाटून उठतो. भाकरी ताजी, दुधात किंवा ताकात कुस्करून द्या, वर वाटीभर घट्ट वरण. ड जीवनसत्त्व तपासून, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक म्हणून सुरू होते आणि वर्षानुवर्षं चालूच राहते, ते थांबवा. वर्षातून एकदम पाच लाख युनिट दिलेल्या बायका जास्त पडल्या होत्या, हेही २०१० मध्ये दिसून आलं आहे.

आणि ती पुन्हा पडली तर? धावत जाऊन बगलेत हात घालून उचलायचं नाही, हे आश्रमात सगळ्यांना सांगून ठेवा. आधी बोलतं करा, डोकं, मान, खुबा विचारा. एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला तर हलवू नका, १०८ ला फोन. जांघेत दुखत असूनही काही जण चार पावलं चालतात, म्हणून "चालल्या की, म्हणजे मोडलं नाही" हे खरं मानू नका, एक्स-रे काढा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोक्याला लागलं असेल तर टाके घालून परत आणू नका, सीटी स्कॅनचं विचारा. डोक्यात हळूहळू साचणारं रक्त दोन-तीन आठवड्यांनीही त्रास देतं. तुमच्या आईला टाके पडलेत, तेव्हा नव्यानं आलेला झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ, एका बाजूला झोकांडी असं काही वाटलं तर आजच दाखवा, बाकी सगळं नंतर.

व्यवस्थापकांशी भांडायला जाऊ नका, वही घेऊन जा. शक्य असेल तर शनिवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं या, रात्री दहाच्या सुमाराला सोलापुरात पोहोचाल. नातेवाइकांकडे झोपा आणि रविवारी पहाटे साडेचारला आश्रमात हजर राहा, आदल्या दिवशी फोन करून सांगून. आईच्या कॉटपासून जरा लांब बसा, ती उठू लागली की हात पोहोचेल इतकं जवळ जा, पण लगेच धरू नका. तिचे पाय कुठे टेकतात, हात कशाला धरतो, कुणाला हाक मारते आणि कुणी येतं का, एवढं बघून मला कळवा. मग फरशीचं बोलू.